वहीचा भाव कुठे ठरतो?

जून महिन्यात शाळा उघडते आणि तालुक्याच्या गावी वह्यांच्या दुकानापुढे गर्दी होते. गेल्या सालची वही यंदा दोन-चार रुपयांनी महाग निघाली, की पालक कुरकुर करतात. दुकानदार सांगून मोकळा होतो, "मी काय करू, गुरुजी? मागूनच भाव वाढून आलाय." तो काही खोटे बोलत नाही. पण हे 'मागून' म्हणजे नेमके कुठून, ते आज आपण पाहू.

कागद म्हणजे तंतूंचा दाबून वाळवलेला पातळ थर. लाकूड, बांबू किंवा उसाचे चिपाड यांतून तंतू वेगळे काढले, पाण्यात कालवले, की लगदा तयार होतो. तंतूंच्या मुख्य जाती दोन. थंड देशांतल्या सूचिपर्णी झाडांचा तंतू लांब. तो कागदाला बळकटी देतो. निलगिरीसारख्या झाडांचा आखूड. त्याने कागद गुळगुळीत होतो आणि शाई नीट उठते.

आता गंमत पाहा. फिनलंड, स्वीडनमध्ये झाड कापणीला यायला साठ-सत्तर वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आजोबांनी लावायचे आणि नातवाने तोडायचे. ब्राझीलमध्ये निलगिरी सहा-सात वर्षांतच तोडीला येते. म्हणून लगद्याचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला. जुलै २०२४ मध्ये ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात सुझानो कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला. त्या एकट्या कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे साडेपंचवीस लाख टन लगद्याची आहे! हा माल डॉलरच्या भावाने विकला जातो. रुपया घसरला, की तोच लगदा आपल्याला महाग पडतो.

कोणी म्हणेल, "अहो, मोबाइल आला, आता कागद लागतो कुणाला?" हे अर्धेच खरे. वृत्तपत्रांचा कागद सन २००० च्या सुमारास जगात वर्षाला जवळजवळ चार कोटी टन निघत असे. दोन दशकांनी तो निम्म्याहूनही कमी झाला. पण सर्व प्रकारचा कागद आणि पुठ्ठा मिळून आजही सुमारे चाळीस कोटी टन निघतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल बांधण्याचा, म्हणजे मुख्यतः खोक्यांचा आहे. घरबसल्या खरेदी वाढली, तशी खोकी वाढली. फिनलंडमधील ओउलू शहराच्या गिरणीने २०२० मध्ये छपाईचा कागद काढणे थांबवले, यंत्र बदलले, आणि २०२१ पासून खोक्यांचा कागद काढायला सुरुवात केली. असे ठिकठिकाणी घडले. वाचण्या-लिहिण्याचा कागद काढणाऱ्या गिरण्या कमी झाल्या, की एखादी अडचण येताच त्या कागदाचा भाव उसळतो.

तिसरी गोष्ट रद्दीची. खोक्यांचा कागद बहुतांशी रद्दीतून होतो. २०१७ पर्यंत चीन वर्षाला अडीच कोटी टनांहून अधिक रद्दी बाहेरून घेत असे. मग तिथल्या सरकारने घाणेरडी, मिसळलेली रद्दी नाकारायला आरंभ केला आणि १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात सर्वस्वी बंद केली. अमेरिका-युरोपची रद्दी भारत, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडे वळली. उलट चीनला तयार कागद कमी पडू लागला, तेव्हा आपल्या काही गिरण्या खोक्यांचा तपकिरी कागद तिकडे धाडू लागल्या, आणि आपल्याकडच्या खोकेवाल्यांना तो महागात पडला. द्राक्षे खोक्यांत भरून पाठवणाऱ्या बागायतदाराचा या दूरच्या बाजाराशी संबंध येतो, तो असा.

२०२२ मध्ये तर सारे एकदम जुळून आले. जहाजांचे भाडे आधीच चढलेले होते. फिनलंडमध्ये एका मोठ्या कंपनीच्या गिरण्यांत जानेवारी ते एप्रिल संप चालला. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाकडून येणारा वृत्तपत्रांचा कागद अडला. त्या जूनमध्ये वह्या महागल्या त्या यामुळे. पुढे २०२३ मध्ये लगदा उतरला. पण चढ्या भावाने घेतलेला माल कारखानदाराच्या आणि दुकानदाराच्या घरात असतो, तो संपेपर्यंत वही काही उतरत नाही.

मग आपल्या हाती काय आहे? शिक्षक मंडळींना एवढेच सांगेन, की शाळेची रद्दी कोरडी ठेवा. लिहिलेला पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. भिजलेल्या, खरकटे लागलेल्या रद्दीला मोल येत नाही. दर वेळी रद्दीचा लगदा केला, की तंतू तुटून आखूड होतो. म्हणून नवा तंतू घालावाच लागतो.

तो नवा तंतू शेतातूनही येतो. निलगिरी, सुबाभूळ, बांबू लावा असे सांगायला कुणी आले, तर शेतकरी बंधूंनो, आधी दोन प्रश्न विचारा : गिरणी किती कोसांवर आहे, आणि भाव लेखी देता का? लाकूड जड, वाहतूकच नफा खाते. शिवाय झाड शेतात काही वर्षे उभे राहते आणि बाजारभाव महिन्या-महिन्याला फिरतो. एका सालचा चढा भाव पाहून सगळे रान गुंतवू नये.

आणि गुरुजी, एक दिवस वर्गात जगाचा नकाशा लावा. मुलांच्या हातातली वही दाखवा, आणि ब्राझील, फिनलंड, चीन त्यांनाच शोधू द्या. दुकानदाराचे ते 'मागून' कुठून येते, हे मुले घरी जाऊन आपल्या वडिलांना समजावून सांगतील.