फॅमिली डॉक्टरकडची मानसिक आरोग्य परिचारिका

नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरनी ‘आमच्या मानसिक आरोग्य परिचारिकेला भेटा’ म्हटलं की काहींच्या पोटात गोळा येतो: आपल्याला वेडं ठरवलं की काय? तसं मुळीच नाही. त्याच दवाखान्यात मधुमेहींची साखर आणि आहार पाहणारी परिचारिका असते, तशीच ही. 2008 पासून हे पद तिथे आहे. झोप उडणं, सततची धास्ती, कामाचा ताण यांवर ती निवांत बोलते. डॉक्टरांच्या 10 मिनिटांच्या भेटीत हे कसं मावणार? धास्ती कधी, कशाने वाढते, याची वही ठेवायला सांगते. औषधं मात्र डॉक्टरच लिहितात. दुखणं गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे (मनाच्या आजारांचे डॉक्टर) पाठवतात. तिच्या भेटीला विम्याची वजावट (आधी स्वतः भरायची रक्कम) लागू होत नाही.