सोळा आण्यांचा खेळ-संगणक

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरांत याद्या होऊ लागतात. फराळाची, कपड्यांची, बहिणी-मेहुण्यांना द्यायच्या भेटींची. हल्ली त्यांत आणखी एका यादीची भर पडली आहे. चिरंजीव किंवा कन्या एक कागद वडिलांच्या पुढ्यात ठेवतात. त्यावर सात-आठ ओळी. प्रत्येक ओळीत एक अगम्य नाव आणि त्यापुढे चांगलाच गलेलठ्ठ आकडा. "बाबा, गेम खेळता येतील असा संगणक मी घरीच जुळवणार आहे. तयार घेण्यापेक्षा फायद्याचा पडतो!"

वडील चष्मा पुसतात, कागद उलटासुलटा करतात आणि "बघू" म्हणतात. या "बघू"च्या पोटात खरे म्हणजे भीती असते. एवढे पैसे घालून वस्तू चाललीच नाही तर? दुकानदाराने गळ्यात भलतेच बांधले तर? गेल्या काही वर्षांत आमच्या इमारतीतल्या पाच-सहा मुलांचे संगणक जुळताना मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजारी बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, जुळवणी अवघड नाही. अवघड आहे ती निवड. आणि निवड म्हणजे शेवटी घरखर्चाचेच गणित.

हे जुळते तरी कसे?

निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या देशांत बनलेले भाग आपल्या जेवणाच्या टेबलावर एकमेकांत चपखल बसतात, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. याचे मूळ १९८१ साली आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तो बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भागांतून. त्याची रचनाही खुली ठेवली. मग इतरांनीही तसेच भाग बनवायला सुरुवात केली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्ड केवढा असावा, स्क्रूची भोके कुठे असावीत, वीज कोणत्या जोडणीतून यावी, हे सारे त्यात पक्के झाले. त्या मापाच्या पुण्याईवरच आजचा घरगुती संगणक उभा आहे.

आधी पडदा, मग यादी

मुले यादीची सुरुवात सर्वांत झगमगीत वस्तूपासून करतात. मी त्यांना आधी दोनच प्रश्न विचारतो. खेळणार काय? आणि पाहणार कशावर?

वॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे खेळ तसे हलके. साध्या यंत्रावरही पळतात. सायबरपंक २०७७ सारखा खेळ मात्र यंत्राला घाम फोडतो. तीच गोष्ट पडद्याची. १९२० बाय १०८० या नेहमीच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर यंत्राला दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवावे लागतात! 'फोर-के' पडद्यावर हे ठिपके बरोबर चौपट होतात. म्हणून बेताच्या पैशांत बसवायचे असेल तर साधा पडदा पत्करावा. त्यात कमीपणा काही नाही. खेळाची गंमत ठिपक्यांवर अवलंबून नसते.

रुपयाचे सोळा आणे

आणे जाऊन जमाना लोटला, पण वाटणी समजावायला मला अजून तेच सोयीचे वाटतात. पडदा वगळून जी रक्कम हाती असेल तिचा एक रुपया धरा. त्यातले सहा आणे ग्राफिक्स कार्डाला, तीन प्रोसेसरला, दोन मदरबोर्डला. दीड आणा रॅमला, दीड साठवणीच्या एसएसडीला. उरलेल्या दोहोंतला एक पॉवर सप्लायला आणि एक कॅबिनेटला. झाले सोळा. भाव खालीवर होतात. रॅम महागली की कॅबिनेटने थोडे पोट आवळावे. पण ही वाटणी डोळ्यांसमोर असली की कोणी सहसा फसवू शकत नाही.

ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते, प्रोसेसर खेळाचा हिशेब ठेवतो. ही बैलजोडी आहे. एक खिलारी आणि एक मरतुकडा अशी जोडी जुंपली तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाते. खिलारीला घातलेली पेंड फुकट!

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची बारावी झालेली मुलगी, तिचे वडील आणि मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येण्याजोग्या या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकवाल्यांच्या तोंडी अजून ते जुने लाटसाहेबच आहेत. वडिलांनी ५५,००० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यासाठी त्यांनी घराच्या रंगकामाचा बेत वर्षभर पुढे ढकलला होता, हे मला ठाऊक होते आणि मुलीलाही.

पहिल्याच दुकानात गृहस्थ मोठे गोड बोलले. "ताई, प्रोसेसर वरच्या नंबरचा घ्या, दहा वर्षं बघायला नको. कार्ड तूर्त छोटं चालेल. आणि हे कॅबिनेट बघा, सात रंगांचे दिवे! पॉवर सप्लाय आतच आहे, त्याचे पैसेच नाहीत."

वडिलांचे डोळे दिव्यांवर खिळले. मुलीने मात्र आपली वही काढली. "काका, तुमच्या यादीत प्रोसेसरला सहा आणे आणि कार्डाला तीन होतात. माझं उलटं आहे. आणि त्या पॉवर सप्लायवरचं लेबल जरा दाखवता का?"

दुकानदार हसला, पण लेबल काही दाखवले नाही. आम्ही पुढच्या दुकानाची पायरी चढलो. तिने घेतले ते रायझन ५ ५६०० आणि त्याला शोभणारे ८ जीबी स्मृतीचे रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड. प्रोसेसर सहा गाभ्यांचा, २०२२ सालचा. कार्ड २०२१ चे. दोन्ही नव्या नवलाईची नव्हेत, म्हणूनच परवडणारी. गेल्या पिढीची चांगली वस्तू चालू पिढीच्या हलक्या वस्तूपेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

नावातली अक्षरे

या बाजारात एका अक्षराने घात होतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ कोअर आय३-१२१००एफ, तर त्याच्या पोटात चित्र काढण्याची सोय नसते. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. उलट रायझन ५ ५६००जी मधला 'जी' ती सोय असल्याचे सांगतो.

मदरबोर्डचेही तसेच. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये डीडीआर४ रॅम चालते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही जातींचे मिळतात. पण एका बोर्डात साधारणपणे एकच जात बसते. तेव्हा सॉकेट आणि रॅम यांची पत्रिका जुळवल्याशिवाय मुहूर्त धरू नये.

रॅम १६ जीबी हवी असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन नळांनी पिंप लवकर भरते, तसे दोन पट्ट्यांतून माहितीची ये-जा वेगाने होते. एसएसडी निदान ५०० जीबीची असावी. हल्ली एकेक मोठा खेळ शंभर जीबीहून अधिक जागा अडवून बसतो.

न दिसणारा कर्ता पुरुष

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला बसलो, तिकडे वळतो. तो म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना मुख्यतः १२ व्होल्टची वीज पुरवतो. तो दिसत नाही, खेळाचा वेग वाढवत नाही, मित्रांना दाखवून मिरवताही येत नाही. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड पहिली त्याच्यावर पडते. पण हा हलका निघाला आणि बिघडला तर एकटा जात नाही. जाताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही सोबत नेऊ शकतो. आण्याच्या बचतीपायी आठ आण्यांचे नुकसान!

त्याची पारख सोपी आहे. लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि बाराने गुणावे. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट झाले. ५५० वॉटचा दावा खरा. वर मोठ्या अक्षरांत '४५० वॉट' आणि आत १८ अँपिअर असेल तर भरतात अवघे २१६! अशा डब्याला दुरूनच नमस्कार करावा. त्यावर '८० प्लस'चे चिन्हही असावे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज तो उपयोगी लावतो, असा त्याचा अर्थ. बाकीची उष्णता होऊन जाते.

किती वॉटचा घ्यावा? वर सांगितलेल्या कार्डाची भूक १३२ वॉट आणि प्रोसेसरची ठरीव मर्यादा ६५ वॉट. पंखे, एसएसडी वगैरे धरून अडीचशेच्या आसपास बेरीज होते. ५०० ते ५५० वॉटचा चांगला सप्लाय घेतला तर तो आरामात चालतो आणि पुढे मोठे कार्ड आले तरी पुरतो. घरच्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे की नाही, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते.

कॅबिनेट निवडताना दिवे पाहू नयेत, जाळी पाहावी. पुढून थंड हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर, एवढे साधले की आपल्या उन्हाळ्यातही यंत्र सुखात राहते. धूळ मात्र दर दोन-तीन महिन्यांनी काढायला हवी.

जुने घ्यावे का?

२०२१ मध्ये आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' ग्राफिक्स कार्डांवर धाड घातली आणि भाव आभाळाला भिडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरिअमने ही खाणपद्धतच बंद केली, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड सरसकट वाईट नसते. पण मूळ बिल, उरलेली वॉरंटी आणि डोळ्यांदेखत अर्धा तास चाललेला जड खेळ, या तीन गोष्टींशिवाय पाकिटाला हात घालू नये. जुना प्रोसेसर त्या मानाने निर्धोक. जुना पॉवर सप्लाय मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

बिल पक्के, जीएसटीसह घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. कच्च्या बिलात वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी व्याजासकट द्यावे लागतात.

आणि सोळा आणे जमतच नसतील तर? तरी मार्ग आहे. ५६००जी सारखा चित्र काढणारा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि उत्तम पॉवर सप्लाय एवढ्यावर यंत्र उभे करावे. हलके खेळ त्यावर चालतील, कॉलेजचे कामही होईल. कार्डाचे सहा आणे पुढच्या दिवाळीपर्यंत साठवता येतील. तयार डबाबंद यंत्रापेक्षा घरच्या जुळणीचा खरा फायदा हाच. ते हप्त्याहप्त्याने वाढते, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलाने यादी पुढे ठेवली की एकदम "नाही" म्हणू नका, एकदम "हो"ही म्हणू नका. शेजारी बसवून प्रत्येक ओळीपुढे "हेच का?" असे विचारा. ज्याला आठही ओळींची उत्तरे देता आली, त्याच्या हाती पैसे द्यायला हरकत नाही. खेळ तो खेळेलच. पण मर्यादित पैशांत काय आधी, काय नंतर आणि कुठे हात आखडायचा नाही, हे तो त्या एका बैठकीत शिकलेला असेल. पुढे संसार मांडताना हेच तर लागते.