परीक्षकच स्पर्धक, तर निकाल कुणाचा?

श्वानप्रदर्शन हा बंगलेवाल्यांचा शौक, त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असे वाचक म्हणतील. पण पक्षपात चालतो कसा, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने या प्रदर्शनांचा इतिहास जरूर पाहावा.

२८ व २९ जून १८५९ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पहिले संघटित श्वानप्रदर्शन भरले. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती, साठ प्रवेशिका, बक्षीस म्हणून बंदुका. (कुत्र्यांच्या जाती माणसाने आपल्या सोयीसाठी पाडल्या, हे तिथे निदान कुणी लपवत नाही!) निकाल काय लागला? सेटरमध्ये पहिला आला तो पॉइंटरच्या एका परीक्षकाचा कुत्रा आणि पॉइंटरमध्ये पहिला आला तो सेटरच्या एका परीक्षकाचा. स्वतःच्या कुत्र्याला कुणीच निवडले नाही. ते कुत्रे खरोखर उत्तम असतीलही. पण साटेलोटे झाले नाही, हे आता कोण सिद्ध करणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६९ साली क्रैपाक खटल्यात असेच प्रकरण आले होते. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेले अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःचे नाव निघाले तेव्हा ते बाजूला झाले. प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा मात्र हजर होते. यादीत त्यांचे नाव पहिले! न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला की नाही हा प्रश्नच नव्हता; तो होण्याची वाजवी शक्यता होती, एवढे पुरेसे ठरले.

१८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, पुढे प्रत्येक जातीची लेखी मानके आली. आज रिंगणात कुत्रा नेणाऱ्याच्या दंडावर फक्त क्रमांक असतो. पण पट्ट्याच्या एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला माणूस. परीक्षकाने खाली पाहायचे, आणि नजर वर जाते, ही हरलेल्यांची जुनी तक्रार. प्रत्येक वेळी ती खरी नसते. पण बहुतेक परीक्षक पैदासकारांमधूनच येतात. आज पट्टा धरणारा उद्या परीक्षक होतो आणि आजचा परीक्षक उद्या त्याच्यापुढे कुत्रा घेऊन उभा राहतो. इथे लाच कशाला लागते? ओळख पुरते.

बाहेरचा माणूस आला की काय होते, हे २०१२ साली बर्मिंगहॅमच्या 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात दिसले. पंधरा जातींच्या विजेत्यांना त्या वर्षी प्रथमच स्वतंत्र पशुवैद्याची तपासणी सक्तीची झाली. बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड यांच्यासह सहा जातींचे विजेते आरोग्याच्या कारणावरून बाद ठरले. परीक्षकाने ज्याला सर्वोत्तम म्हटले, त्यालाच वैद्याने पुढे जाऊ दिले नाही. पैदासकारांनी मोठा गदारोळ केला. त्यांचा राग कुत्र्यांच्या दुखण्यावर होता की बाहेरच्या माणसाने आत पाहिले यावर, हे वाचकांनीच ठरवावे.

युरोपातील अनेक प्रदर्शनांत परीक्षक प्रत्येक कुत्र्याबद्दल लेखी अभिप्राय देतो. नोकरीच्या मुलाखतीतून कारण न कळता परतलेल्या आपल्या मुलामुलींना याचे मोल सांगायला नको. इंग्लंडमध्ये मात्र असे टिपण प्रामुख्याने वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांचेच निघते. हरलेल्याने काय समजून घरी जायचे?