पोकेमॉन गो : पहिला महिना कसा काढायचा

मागच्या भागात आपण पावसाळ्यात कडधान्यं कशी टिकवायची ते बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करायला उठतील, पण थोडं थांबा. आज आम्ही मोबाइलवरच्या एका खेळाबद्दल सांगणार आहोत, पोकेमॉन गो. मुलांचा हा खेळ बंद कसा करावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो आपण स्वतः सुरू कसा करावा, ते आम्ही सांगणार आहोत.

आम्ही चौघी नेरुळच्या एकाच सोसायटीतल्या. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीतली मुलं संध्याकाळी मोबाइल हातात धरून बाहेर पडायची आणि खाली मान घालून चालायची. एके दिवशी आमच्यातल्या एकीला बँकेचा मेसेज आला, खात्यातून अठराशे रुपये गेले. दहावीत जाणाऱ्या तिच्या मुलाने खेळातली नाणी विकत घेतली होती. कार्ड तिनेच मोबाइलला जोडून ठेवलेलं, पासवर्ड मुलाला पाठ. घरात मोठं भांडण झालं. मोबाइल कपाटात गेला आणि मुलगा आईशी बोलेनासा झाला.

चार दिवसांनी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "पैशांचं दुःख आहेच, पण त्याने नक्की काय विकत घेतलं तेच मला कळत नाही. मग मी रागावले ते कशावर?" त्या प्रश्नावरून आम्ही ठरवलं, खेळ शिकायचा. शिकवायला तोच मुलगा. त्याची फी म्हणून मोबाइल रोज एक तास परत.

आधी हा खेळ आला कुठून ते सांगतो. पोकेमॉन म्हणजे काल्पनिक प्राणी. ते शोधायचे, पकडायचे, वाढवायचे. ही कल्पना सातोशी ताजिरी या जपानी माणसाची. तो टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढला आणि लहानपणी त्याला किडे जमवायचा भारी नाद होता. पुढे तिथली शेतं आणि तळी इमारतींखाली गेली. किडे शोधण्याची ती मजा शहरातल्या मुलांना मिळावी म्हणून त्याने खेळ रचला. फेब्रुवारी 1996 मध्ये जपानात तो आला, तेव्हा त्यात 151 प्राणी होते. आमच्यातली एक मूळची इथल्या गावठाणातली. ती म्हणाली, आम्हीसुद्धा शेताच्या बांधावर चतुर पकडायचो. 1970 मध्ये सिडको आली, मग हळूहळू भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि चतुर पकडणं आमच्यापाशीच थांबलं. जपानच्या त्या माणसाचं दुःख तिला न शिकवता कळलं.

त्याच प्राण्यांचा, पण बाहेर चालत खेळायचा पोकेमॉन गो जुलै 2016 मध्ये परदेशात सुरू झाला. भारतात तो रीतसर आला डिसेंबर 2016 मध्ये, जिओशी करार करून. जिओचा कारभार चालतो तो आपल्या घणसोलीतून, म्हणजे खेळ आला तोही एका अर्थी आपल्या शेजारून. सप्टेंबर 2023 पासून तो हिंदीतही आहे. मराठीत नाही, म्हणून काही शब्द मुलांचे आणि काही आमचे, असं चालवून घ्या.

आता कामाचं बोलू. खेळ मोबाइलवर घेतला की तो जन्मतारीख विचारतो. ती खरी द्या. लहान मुलांच्या खात्याला पालकांची परवानगी लागते आणि ती अट मुलांच्याच भल्याची आहे. मग टोपणनाव मागतो. ते इतर खेळणाऱ्यांना दिसतं, म्हणून त्यात खरं नाव, जन्मसाल, शाळेचं नाव काही घालू नका.

सुरुवातीला तीन प्राणी समोर येतात. बल्बासॉर हा झाडपाल्याचा, चारमँडर अग्नीचा आणि स्क्वर्टल पाण्याचा. इथे आम्ही पंधरा मिनिटं घालवली, जशी काही सून पसंत करायची होती. तसं काही नाही. हे तिन्ही पुढे वाटेत भेटतात. जो आवडेल तो घ्या आणि पुढे चला. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की पाणी आगीला भारी, आग झाडाला भारी आणि झाड पाण्याला भारी. पुढच्या सगळ्या लढाया याच हिशेबावर चालतात. फक्त प्रकार वाढत जातात.

प्राणी दिसला की त्याच्यावर चेंडू टाकायचा, बोटाने वर सरकवून. त्याच्याभोवती एक रंगीत वर्तुळ लहान होत जातं. ते हिरवं असेल तर प्राणी सहज मिळतो, लाल असेल तर चेंडू बरेच खर्च होतात. वर्तुळ लहान झाल्यावर त्याच्या आत चेंडू पडला तर प्राणी मिळण्याची शक्यता वाढते. कॅमेरा चालू ठेवला तर प्राणी आपल्याच अंगणात उभा दिसतो. गंमत वाटते, पण नेम चुकतो आणि बॅटरी उतरते. तो बंद ठेवा. चेंडूंबरोबर फळंही मिळतात. रॅझ बेरी दिली की प्राणी लवकर हाती लागतो, पिनॅप बेरी दिली की पकडल्यावर दुप्पट कँडी मिळते.

चेंडू संपले तर विकत घेऊ नका. नकाशावर निळे थांबे दिसतात. बहुतेक करून मंदिर, पुतळा, बागेचं फाटक, भिंतीवरचं चित्र अशा जागी ते असतात. जवळ जाऊन त्यावरचं चित्र फिरवलं की चेंडू मिळतात. पाच मिनिटांनी तोच थांबा पुन्हा फिरवता येतो. बागेला दोन फेऱ्या मारल्या की पिशवी भरते.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर आमचे मास्तर पहिल्याच दिवशी ओरडले. प्रत्येक प्राणी पकडला की दोन गोष्टी मिळतात. एक कँडी, जी त्याच जातीला उपयोगी. दुसरी स्टारडस्ट, जी सगळ्यांना चालते. कँडी म्हणजे ज्या त्या डब्यातली डाळ, आणि स्टारडस्ट म्हणजे हातातली रोकड. या दोन्ही देऊन प्राण्याची ताकद वाढवता येते. आम्ही चौघींनी पहिल्या संध्याकाळीच सगळी स्टारडस्ट पहिल्या प्राण्यावर उधळली. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, आत्ता नका ना वाढवू! वाचवून ठेवा."

कारण असं. आपली पायरी वाढत जाते तसे रानात भेटणारे प्राणीच जास्त ताकदीचे येतात. आज स्टारडस्ट ओतून ज्याला मोठा केला, त्याच्यापेक्षा चांगला पुढच्या महिन्यात फुकट भेटतो. म्हणून पहिला महिना फक्त जमवायचं. नवीन जात दिसली की सोडायची नाही, कारण पहिल्यांदा पकडलेल्या जातीचे गुण जास्त मिळतात. एकाच जातीचे दहा झाले तर चांगला एक ठेवून बाकीचे प्रोफेसरांकडे पाठवायचे, प्रत्येकामागे एक कँडी परत मिळते.

मोठं रूप घ्यायलाही कँडीच लागते. पिजी नावाच्या साध्या पाखराला फक्त 12 कँडी पुरतात, मॅजिकार्प नावाच्या माशाला 400. पिजी दिसला की मुलं तोंड वाकडं करतात, पण सुरुवातीला तोच आपल्या उपयोगाचा. पिजी साठवत राहा. पुढे लकी एग नावाची भेट मिळते, त्याने अर्धा तास गुण दुप्पट होतात. त्या अर्ध्या तासात साठवलेले सगळे पिजी एकामागून एक मोठे करायचे. ईव्ही नावाचा प्राणी 25 कँडीत बदलतो. बदलण्याआधी त्याला इंग्रजीत रेनर नाव दिलं तर पाण्याचा होतो, स्पार्की दिलं तर विजेचा, पायरो दिलं तर आगीचा. ही युक्ती प्रत्येक नावाला एकदाच चालते.

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. थांब्यांवर अंडीही मिळतात. हा शब्द ऐकून एकीच्या सासूबाईंनी देवघराचं दार लोटून घेतलं. चित्रातली अंडी आहेत हे पटवायला दोन दिवस गेले. पण सासूबाईंना हसायला नको. 2016 मध्ये देवळांच्या जागी अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. ही अंडी उबवायला चालावं लागतं, कुठलं 2 किलोमीटर, कुठलं 5, कुठलं 10. गाडीत बसून वेगाने गेलेलं अंतर धरत नाहीत. उबवायचं एक यंत्र खेळ फुकट देतो, ते कधीच संपत नाही. पण अंडी बरीच आणि शेगडी एकच, अशी गत होते. मुलाने पैसे दिले ते जास्तीच्या शेगड्यांसाठी. त्या तीन अंड्यांनंतर मोडतात. शिवाय अंड्यातून कोण निघेल ते आपल्या हातात नसतं. म्हणजे सोडतीचं तिकीट घेतल्यासारखंच झालं. हे कळल्यावर मैत्रीण शांतपणे मुलाला म्हणाली, "तुला थांबायला जमत नव्हतं, त्याचे अठराशे गेले." मुलाने पहिल्यांदा मान हलवली.

म्हणून आमचा नियम, पहिल्या महिन्यात एक रुपयाही नाही. मोबाइलमधून कार्ड काढून टाका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सोय असते, ती चालू करा आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. नाणी कमवताही येतात. पाचव्या पायरीला निळा, लाल, पिवळा असा गट निवडायचा असतो. घरातल्या सगळ्यांनी एकच निवडा, म्हणजे एकमेकांना मदत होते. मग जिमवर आपला प्राणी पहाऱ्याला बसवता येतो. तो हरून परत आला की दहा मिनिटांना एक या हिशेबाने नाणी मिळतात, दिवसाला जास्तीत जास्त 50. ती साठवून प्राणी ठेवायची जागा वाढवा. ती वाढवलेली जागा कायमची राहते.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी जिवाच्या आहेत. आम्ही चालतो तो ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलावाकाठचा ट्रॅक, आणि शेजारीच पाम बीच रस्ता. तिथल्या गाड्यांचा वेग तुम्हाला माहीत आहे. रस्ता ओलांडताना मोबाइल पर्समध्ये, मग समोर कोणताही प्राणी असो. खेळात अ‍ॅडव्हेंचर सिंक नावाची सोय आहे. ती चालू केली की मोबाइल पर्समध्ये असतानाही चाललेलं अंतर मोजलं जातं, आणि अंडी उबत राहतात. दुसरी गोष्ट भेटींची. खेळातल्या मित्रांना रोज भेट पाठवता येते, पण ती कुठल्या थांब्यावरून घेतली त्या जागेचं नाव आणि चित्र तिच्यावर असतं. रोज घराजवळच्याच थांब्याची भेट अनोळखी माणसाला गेली, तर आपण राहतो कुठे ते त्याला कळतं. म्हणून मुलांच्या यादीत ओळखीचीच माणसं हवीत. ती यादी महिन्यातून एकदा मुलांबरोबर बसून बघा.

पावसाळ्यात खेळ बंद पडेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट बाहेर पाऊस असला की खेळातही पाऊस पडतो, आणि पाण्याचे, विजेचे, किड्यांचे प्रकार जास्त ताकदीचे मिळतात. अर्थात ते बाल्कनीतून किंवा उघडीप मिळाल्यावर. भिजत, विजांच्या कडकडाटात बाहेर जायचं नाही.

आमचं काय झालं ते सांगून संपवतो. आम्ही चौघी आजवर घराबाहेर पडायचो ते हातात पिशवी घेऊन, भाजीला, दळणाला, शाळेत आणायला-सोडायला. नुसतं चालायला निघालं की घरातून विचारणा व्हायची, कुठे? आता आम्ही सांगतो, 5 किलोमीटरचं अंडं आहे. घरचे हसतात, पण अडवत नाहीत.

आणि तो मुलगा. तिसऱ्या आठवड्यात, तलावाच्या तिसऱ्या फेरीला, एका स्क्वर्टलवर नेम धरताधरता, मान वर न करता तो आईला म्हणाला, "आई, गणिताच्या क्लासला मला काहीच कळत नाही. वर्षभर कळलं नाही." आईने लगेच काही विचारलं नाही. स्क्वर्टल पकडला गेला, मग दोघं बाकावर बसले. घरात समोरासमोर बसून हे निघालं नसतं, असं ती म्हणते. क्लास बदलला आहे. अठराशे रुपये तो दर महिन्याच्या खाऊच्या पैशांतून थोडे थोडे फेडतो आहे, आणि ती ते घेते आहे.

तेव्हा पाठ करा : खरी जन्मतारीख, खोटं टोपणनाव. कॅमेरा बंद. स्टारडस्ट जपून. पिजी साठवा. कार्ड काढा. रस्त्यावर मोबाइल पर्समध्ये. आणि शिकवायला घरातलं मूलच घ्या, त्याच्याइतका चांगला मास्तर मिळणार नाही.

पुढच्या वेळी भेटू. तोवर सांभाळून चाला. नमस्कार.