रंग बदलतो ती जागा

लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी रंग कसे निवडायचे ते या वेळी सांगणार होतो. ते आता पुढच्या भागात. मर्यादारेषेच्या वर आणि खाली वेगवेगळा रंग भरायची मागच्या भागातली युक्ती अकोल्याच्या एका वाचकांनी करून पाहिली आणि त्यांच्या आलेखाने मला अडवून धरलं.

त्यांनी एप्रिलमधलं रोजचं कमाल तापमान घेऊन ४० अंशांवर मर्यादारेषा आखली. (मैदानी भागात पारा ४० ला गेल्याशिवाय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचारच करत नाही, तेव्हा रेषा अगदी योग्य जागी आहे.) एक्सेलमध्ये दोन रकाने केले. पहिल्यात तापमान आणि ४० यांतला लहान आकडा, दुसऱ्यात ४० च्या वरचा जादा भाग. खाली निळा, वर लाल, स्टॅक्ड एरिया चार्ट. तरी त्यांचा प्रश्न: लाल रंग रेषेखाली का उतरतो?

उतरणारच! मंगळवारी ३८, बुधवारी ४३ धरा. पहिला रकाना ३८ वरून ४० वर जातो, दुसरा शून्यावरून ३ वर. एक्सेल दोन्हीकडे सरळ रेघ ओढतं, म्हणून लाल पाचर मंगळवारच्या ३८ पासूनच निघते. रेघ ४० ला कुठे छेदते ते आपणच काढायचं. एकूण चढ ५ अंशांचा, त्यातले २ चढले की ४०. म्हणजे दोन दिवसांमधलं २/५ अंतर. तिथे एक नवी ओळ घाला, पहिल्या रकान्यात ४०, दुसऱ्यात ०. पाचर थेट रेषेवरून उगवते.

मात्र एक्सेलचा तारखांचा अक्ष दिवसाहून लहान माप मानत नाही. म्हणून दिवसांना दहाने गुणा: दुसरा दिवस २०, तिसरा ३०, नवी ओळ २४ वर. अक्षाचा प्रकार तारखांचाच राहू द्या. मॅटप्लॉटलिबवाल्यांना एवढी खटपट नाही. फिल-बिटवीनमध्ये इंटरपोलेट ट्रू केलं की झालं.

हाताने आलेख काढणाऱ्या विल्यम प्लेफेअरला हा प्रश्न पडलाच नसेल. १७८६ च्या त्याच्या ॲटलासमध्ये इंग्लंडच्या डेन्मार्क-नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचा आलेख आहे. आयात-निर्यातीच्या रेघा १७५० च्या दशकात एकमेकींना छेदतात. आधी तूट, नंतर नफा. तिथे एका रेघेची मर्यादा म्हणजे दुसरी रेघच, आणि हाताने काढताना छेदनबिंदू आपोआप हाती येतो. या आलेखावर माझा फार जीव आहे.

पण अकोल्याच्या उन्हासाठी मी एरिया चार्ट घेणार नाही. कमाल तापमान दिवसाला एकच असतं. मंगळवार आणि बुधवारच्या मध्ये रात्र येते, पारा खाली उतरतो. २/५ वरचा तो ४० अंश कोणीच अनुभवलेला नसतो. तिथे सुटे स्तंभ काढा, ज्याचा त्याला रंग द्या. धरणातल्या पाण्याचं तसं नाही. पातळी वर जाताना मधल्या प्रत्येक उंचीतून जाते, मग आपण मोजो वा न मोजो. काटेपूर्णा धरणाच्या साठ्याचे आकडे मिळवा आणि ही पाचर त्यांच्यावर काढून पाठवा.