टेक्सासमध्ये रानडुकराच्या मागावर

टेक्सासमध्ये हरीण मारायचे तर हंगाम पाहावा लागतो, लायसन्स काढावे लागते, किती मारली याचा हिशेब द्यावा लागतो. खासगी जमिनीवरच्या रानडुकराला यातले काहीच लागू नाही. वर्षाचे बारा महिने, दिवसा किंवा रात्री, हवी तितकी मारा. १ सप्टेंबर २०१९ पासून तर खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की लायसन्सचीही गरज उरलेली नाही, मग तुम्ही टेक्सासचे रहिवासी असा वा नसा. २०११च्या कायद्याने हौशी शिकाऱ्यांना हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्याची वाट मोकळी केली आणि २०१७ मध्ये त्यात गरम हवेच्या बलूनची भर पडली.

तिशी-चाळिशीत पहिल्यांदा रायफल हातात घेणारे बरेच जण म्हणूनच डुकरापासून सुरुवात करतात. ही सुरुवात योग्यच आहे असे मला वाटते. मात्र कायदा इथे जवळजवळ काहीच विचारत नाही, म्हणून स्वतःला विचारायचे प्रश्न वाढतात, आणि नवख्याला ते कोणी सांगत नाही.

आधी या जनावराची कुळकथा. अमेरिकेच्या मूळ प्राणिसृष्टीत डुक्कर नव्हतेच. हर्नांडो दे सोटो या स्पॅनिश सरदाराने १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरताना चालते-फिरते अन्न म्हणून डुकरे सोबत आणली. पुढे वसाहतवाल्यांनी आपली डुकरे रानात चरायला मोकळी सोडली आणि त्यांतली बरीच परतलीच नाहीत. १९३०च्या दशकात टेक्सासमधल्या काही रँचवाल्यांनी शिकारीच्या हौसेसाठी युरोपातले अस्सल रानडुक्कर आणून सोडले. आजची जनावरे या सगळ्यांच्या संकरातून झालेली आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजाने देशात साठ लाखांहून अधिक रानडुकरे आहेत. त्यांतली पंचवीस लाखांच्या वर एकट्या टेक्सासमध्ये असावीत. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की विण्याजोगी होते, गर्भ पावणेचार महिने राहतो आणि एका वेताला चार-सहा पिले सहज होतात. ज्वारी, मका, भुईमूग यांच्या शेतात कळप एका रात्रीत काय करतो, ते आपल्या कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

इथे एक गैरसमज पहिल्याच दिवशी सोडून द्यावा: आपण शेतकऱ्याची सुटका करायला निघालो आहोत. डुकरांची संख्या आहे तिथेच थोपवायची तर दरवर्षी त्यांतली सुमारे दोन तृतीयांश काढावी लागतात. ते काम अख्खा कळप एकदम कोंडणाऱ्या मोठ्या सापळ्यांनी होते. बंदुकीच्या आवाजाने कळप फुटतो, पांगतो आणि उरलेली जनावरे सापळ्याला बिचकू लागतात. मिसुरी राज्याने याच कारणासाठी आपल्या सार्वजनिक वनजमिनींवर डुकरांच्या शिकारीला आळा घातला. टेनेसीचा अनुभव तर आणखी बोलका आहे. तिथे १९९९ मध्ये राज्यभर शिकार खुली झाली आणि लोकांनी हौसेपोटी डुकरे नव्या भागांत नेऊन सोडली. प्रादुर्भाव इतका पसरला की २०११ मध्ये राज्याला धोरण उलटे फिरवावे लागले. म्हणून जायचे ते मांसासाठी आणि रान वाचायला शिकण्यासाठी जावे. तेवढे कारण प्रामाणिक आहे आणि पुरेसे आहे.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन परिसरातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. तुम्ही एच-१बी किंवा अशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला तुमच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेले, मुदतीत असलेले शिकारीचे लायसन्स. म्हणजे टेक्सासला डुकरासाठी लायसन्स नको असले, तरी तुम्हाला ते हवेच. मित्राच्या रँचवर त्याची रायफल दोन मिनिटे हातात धरायची असली तरीही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर आधी वकिलाशी बोलावे, कारण इथली चूक थेट व्हिसावर येते.

लायसन्स घेऊन शिकार करायची आणि जन्म २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा असेल, तर हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. सतरा वर्षांवरील कोणालाही तो ऑनलाइन पुरा करता येतो. प्रौढांना तो एक वर्ष पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती घेऊ नये. रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजणे, नळी कधीही माणसाकडे न वळवणे, नेम ठरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहणे, या चार गोष्टी हाताला सवयीच्या व्हायला वेळ लागतो.

मग शूटिंग रेंज. .२४३ किंवा .३०८ची साधी बोल्ट-ॲक्शन रायफल नवख्याला पुरते. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नेम सगळ्यांचाच बसतो. रानात टेबल नसते, म्हणून बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने सराव करावा. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या जेवणाच्या कागदी थाळीत बसतात, ती तुमची हद्द. ती साठ यार्ड असेल तर साठच. डुकराचे हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असते. हरणाच्या सवयीने मारलेली गोळी म्हणूनच उंच लागते. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबणे हे नवख्याचे पहिले कौशल्य.

दुसरे कौशल्य ओळखण्याचे. दक्षिण आणि पश्चिम टेक्सासमध्ये हावेलिना नावाचा डुकरासारखा दिसणारा प्राणी आहे. तो इथलाच मूळ रहिवासी असून कायद्याने संरक्षण दिलेल्या शिकारीच्या प्राण्यांत मोडतो. त्याला लायसन्स लागते, मर्यादा आहे. तो आकाराने लहान, गळ्याभोवती फिकट पट्टा असलेला, शेपूट असून नसल्यासारखी. संधिप्रकाशात गवतात अर्धा बुडालेला कळप पाहून दोघांत गल्लत होते. ओळख पटली नाही तर चाप ओढायचा नाही.

जमीन मिळवणे हे खरे कष्टाचे काम. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे आणि ओळखपाळख नसलेल्या माणसाला बंदूक घेऊन कोणी आत घेत नाही. पैसे घेऊन शिकार घडवणारे रँच आहेत. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा वार्षिक परमिट काढून सार्वजनिक जमिनींवर जाता येते; तिथे लायसन्स लागतेच. नवख्या प्रौढांसाठी मला सर्वांत चांगली वाट वाटते ती टेक्सास वाइल्डलाइफ असोसिएशनच्या प्रौढांसाठीच्या शिकार-प्रशिक्षणाची. तिथे जाणता माणूस शेजारी बसतो. त्याने ‘थांब’ म्हटलेले एकदा ऐकले की पुढे एकट्यानेही थांबता येते.

रानात गेल्यावर आधी जमीन बघावी. नांगरल्यासारखी उकरलेली माती, ओहोळाकाठचे लोळण घेण्याचे चिखलाचे खड्डे, झाडांच्या बुंध्यांवर आणि कुंपणाच्या खांबांवर गुडघाभर उंचीपर्यंत वाळलेला चिखल, हे सारे कळप येऊन गेल्याचे दाखले. डुकराची नजर अधू, कान तिखट आणि नाक विलक्षण. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर मचाण कितीही चांगले असो, उपयोग नाही. फीडर म्हणजे मका टाकणाऱ्या यंत्रातून सांडलेल्या दाण्यांवर डुकरे खांद्याला खांदा लावून उभी असतात. एक गोळी दोघांतून जाते आणि मागचे जखमी होऊन झाडीत शिरते. जे वेगळे होईल त्याचीच वाट पाहावी.

पिलांसोबतच्या मादीचे काय? कायदा मोकळीक देतो, आणि बहुतेक जमीनमालकांना तीच आधी गेलेली हवी असते. तुमचे मन तयार नसेल तर ते मालकाला आत शिरण्याआधीच सांगावे. त्याच्या मक्याचे नुकसान तो भोगतो. आपली अडचण त्याला नंतर कळणे योग्य नाही.

पडलेल्या जनावराजवळ थोडे थांबून, पाठीच्या बाजूने जावे. जखमी नराचे सुळे पोटरी फाडतात. पोट साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच: रानडुकरांत ब्रुसेलोसिसचे जंतू असतात आणि ते हातावरच्या बारीकशा कापातूनही शिरतात. फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजले पाहिजे. शिकार केलेल्या डुकराचे मांस विकता येत नाही, घरी खाता आणि वाटता येते. तीस-चाळीस किलोची तरुण मादी खायला उत्तम. म्हाताऱ्या नराला उग्र वास येतो. रानडुकराच्या मांसात चरबी कमी, म्हणून भाजले की ते चामट होते. गोव्याकडच्या व्हिनेगरच्या मसाल्यात, मंद आचेवर, झाकण घालून शिजवलेला खांदा मला सर्वांत आवडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे सारे तिकडचे म्हणूनच वाचावे. आपल्याकडे रानडुक्कर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. पिकाचे कितीही नुकसान झाले तरी अधिकृत परवानगीशिवाय त्याला मारणे गुन्हा आहे. घरात पीक संरक्षणाची परवानाधारक बंदूक असली तरी.

टेक्सासमध्ये मात्र दिवाळी उरकता उरकता हरणांचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. त्या काळात रँच आधीच भाड्याने गेलेले असतात आणि डुकरासाठी परवानगी मागणाऱ्याला नकारच मिळतो. अभ्यासक्रम आणि रेंजवरचा सराव तेवढ्यात उरकून घ्यावा. मालकाला फोन करायचा तो फेब्रुवारीत. हरणवाले गेलेले असतात, झाडी विरळ असते आणि थंडीमुळे मांस बर्फाच्या पेटीपर्यंत न बिघडता पोहोचते.