माळावरचे अंजन ओळखा

अंजन म्हटले की आपल्याकडे झाडच आठवते. पण त्याच नावाचे गवतही आहे. हलक्या, वाळूमिश्रित माळावर, कमी पावसात तग धरणारे हे बहुवर्षायू गवत जनावरे आवडीने खातात. ओळख नसली की कुसळीबरोबर तेही उपटले जाते.

ओळख पटते ती तुरा आल्यावर. तुरा म्हणजे बाजरीच्या कणसाचे लहान रूप. दोन-चार इंच लांब, बहुधा जांभळट, केसाळ. पिकलेला तुरा बोटांत धरून ओढा. दाण्यांचे झुबके केसांसकट हातात येतात, मागे नुसती काडी राहते. हाताला खरखरीत लागते, पण टोचत नाही. कुसळीची पिळदार कुसळे मात्र मेंढराच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. बांधावरच्या मारवेलशीही गल्लत नको. मारवेलच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचे कडे असते आणि तुरा बोटांसारखा फाटलेला असतो.

उन्हाळ्यात तुरा नसतो, तेव्हा ठोंब पाहा. वरून वाळलेला, पण हिसका देऊनही सहजी निघत नाही. वळीव पडला की त्याच बुडख्यातून फुटवे येतात.

म्हणून गायरानात समतल चर खोदण्याआधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जाणत्या मेंढपाळाला घेऊन एक फेरी मारावी, अंजनाच्या पट्ट्यांना खुणा कराव्यात. जेसीबीखाली गेलेला ठोंब परत येत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली, ती याचसाठी सोयीची.

बी गोळा केलेत तर लगेच पेरू नका, ताजे बी नीट उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात ओलसर मातीत कालवून वरचेवर पेरा. खोल पडले की गेले.